जीनच्या आवाजाखालचं नाव

“भेव लागत असन तं भिताडाले पाठ लावून बस. मंग मागून कोनी येत नाही.”

कडूबा मला पहिल्या दिवशी हे म्हणाला. मी खामगावच्या वाचनालयाच्या दारात हातात वहाणा घेऊन उभा होतो. त्या बाहेर ठेवायच्या की आत न्यायच्या हे कळत नव्हतं आणि कुणाला विचारायची हिंमत नव्हती. आत वीस-पंचवीस जण खाली माना घालून बसलेले. एकानेही वर पाहिलं नाही, तरी सगळे माझ्याचकडे पाहताहेत असं वाटत होतं. कडूबाने वहाणा माझ्या हातातून घेतल्या, दाराबाहेर ठेवल्या आणि तेवढं बोलून भिंतीकडे बोट दाखवलं. नाव विचारलं नाही. गावही विचारलं नाही.

वाचनालय म्हणजे सरकीचं जुनं गोदाम. भिंती दोन हात जाड, वर लहान झरोके, आणि कितीही झाडलं तरी कोपऱ्यातून न जाणारा तेलकट वास. मागच्या भिंतीला लागून कापसातून सरकी काढायचा कारखाना होता. आम्ही त्याला नुसतं जीन म्हणत असू. दिवाळीनंतर हंगाम लागला की त्याची घरघर दिवसभर भिंतीतून येत राही. पाठ टेकली की ती बरगड्यांत उतरे. खामगावची मुलं त्या भिंतीपासून लांब, दारापाशी बसत. आम्हा खेड्यांतल्यांना मात्र कडूबा मुद्दाम तिथेच बसवी.

त्याचं कारण मला पुष्कळ दिवसांनी समजलं. आम्हाला मनात वाचता येत नव्हतं. गावच्या शाळेत आम्ही मोठ्याने वाचायला शिकलो होतो; ओठ हलल्याशिवाय अक्षर आत जात नसे. जीनच्या आवाजात आमची पुटपुट बुडून जाई. दुपारी जीन अर्धा तास थांबे. तेव्हा सगळ्यांचे आवाज एकदम उघडे पडले असते. पण भोंगा होण्याच्या जरा आधी कडूबा दाराशी येऊन म्हणे, “चला बे, पानी प्या,” आणि तो अर्धा तास आम्ही व्हरांड्यात काढत असू. त्याला घड्याळ पाहावं लागत नसे.

आम्ही बहुतेक नागपूर विद्यापीठाच्या परीक्षांना बाहेरून बसणारे होतो. कुणी शाळामास्तर, कुणी कचेरीत नकला करणारा. कॉलेज जवळपास नव्हतं. एका म्हाताऱ्या वकिलाने मरताना आपली पुस्तकं वाचनालयाला दिली होती, त्यात परीक्षेला लागणारी बरीच होती. ती ज्या कपाटात ठेवली होती त्याला आम्ही विद्यापीठ म्हणायचो. “विद्यापीठ उघडलं का, काका?” असं विचारलं की कडूबा कमरेची किल्ली काढी.

तो पन्नाशीचा, उंच, मानेत वाकलेला. तिसरीपर्यंत शिकलेला. कोण आलं, कोण गेलं याची वही त्याच्याकडे असे, पण तिच्यात एकही नाव नव्हतं. भिताड, दार, झरोका, कोपरा, खांब, अशा जागा लिहिलेल्या आणि त्यांच्यापुढे रेघा. हाकही तो जागेनेच मारी. मी झरोका. एकदा कुणी सांगत आलं, “काका, खांबाले बुखार आला, आज येत नाही.”

“मंग छप्पर पडन ना बे,” कडूबा म्हणाला. सगळे हसले. तो हसला नाही. संध्याकाळी खांबासाठी काढा घेऊन तो त्याच्या खोलीवर गेला.

हा खांब म्हणजे सोनाळ्याच्या शाळेतला तरुण मास्तर. इंटरच्या परीक्षेसाठी त्याने चार महिन्यांची रजा घेतली होती. खांबामागच्या जागेवर भिंतीला पाठ इतकी दाबून बसे की सदऱ्याला चुना लागे. उठताना कडूबा आपल्या खांद्यावरच्या फडक्याने तो चुना झटकी. दोघंही त्या वेळी काही बोलत नसत. दोन महिने हे असंच चाललं होतं. त्याचं नाव मलाही ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नसल्याचं कधी जाणवलंही नाही.

जानेवारीत वाचनालयाचे चिटणीस बदलले. वामनराव वकील आले. ते मनाने चांगले होते, हे आधीच सांगून ठेवतो. नागपूरला त्यांनी विद्यापीठाचं ग्रंथालय पाहिलं होतं आणि तसंच काही आम्हाला मिळावं असं त्यांना फार वाटत होतं. त्यांनी भिंतीकडची बाकं मधे ओढून रांगा लावल्या. पुढे टेबल ठेवलं. टेबलावर घंटी आणि नवी वही, त्यात प्रत्येकाचं पूर्ण नाव. दुपारी कोर्टाला सुट्टी झाली की ते येत, वहीतलं एकेक नाव पुकारत, आणि ज्याचं नाव पुकारलं त्याने उभं राहून पुस्तक न्यायचं.

पहिल्याच दिवशी त्यांनी पुकारलं, “उकंडराव.”

खांब उभा राहिला.

दारापाशी बसणारा रंगराव शेजाऱ्याला म्हणाला, “पाह्य बे, उकंड्यावरचं विद्यापीठात आलं.” उकंडा म्हणजे उकिरडा. आमच्याकडे दर गावात दोन-तीन उकंडे सापडतील. आधीची मुलं जगली नाहीत तर पुढच्याला घटकाभर उकिरड्यावर ठेवायचं, शेजारणीने उचलून आणायचं, आणि नावही तेच ठेवायचं, म्हणजे जे मुलं नेतं त्याला वाटावं की हे कुणी टाकून दिलेलं आहे. हे सगळ्यांना ठाऊक होतं. रंगरावालाही होतं. तरी हसायला आलं, आणि खोटं का बोलू, माझ्याही तोंडातून आवाज निघाला.

कडूबा पाण्याची घागर घेऊन आत येत होता. तो जागच्या जागी थांबला. घागर हलली आणि फरशीवर पाणी सांडलं. मला वाटलं, आमच्या हसण्याचा त्याला राग आला.

वामनरावांना त्या हसण्याचं वाईट वाटलं. त्यांनी उकंडरावाला टेबलापाशी बोलावलं. “आज वीस जण हसले. नागपूरला परीक्षेला दीडशे असतील. हॉलमध्ये नाव पुकारतात, निकालात छापतात. जन्मभर चिकटेल हे. बदलून घ्या ना. मी प्रतिज्ञापत्र करून देतो, अर्ज नव्या नावाने जाईल. कोणतं नाव घ्याल?”

“वसंत,” उकंडराव म्हणाला. इतक्या हळू आणि इतक्या लगेच, की ते त्याने पुष्कळ वर्षं जवळ ठेवलेलं असावं.

प्रतिज्ञापत्रावर ओळख देणाऱ्या माणसाची सही लागत होती. वामनरावांनी कडूबाला हाक मारली. “याला रोज पाहणारा तूच. इथे सही कर.”

कडूबाने दोन्ही हात पाठीमागे नेले. “मी नाही करत, साहेब.”

“का रे?”

“मले याचं नावच मालूम नाही. मी खांब म्हनतो त्याले.”

“आता कळलं ना?”

“कळलं म्हनूनच नाही करत.”

दुसऱ्या दिवशी पाणी प्यायच्या वेळी व्हरांड्यात कडूबा आपणहून उकंडरावाजवळ आला. मी शेजारीच होतो.

“तुह्या आंधी किती गेले?”

“तीन. दोन भाऊ, एक बहीन.”

“उकंड्यावरून कोनं उचललं?”

“शेजारच्या झुंबरबाईनं. मायनं मंग तिच्यापाशी मले मांगून घेतलं.”

“माय काय म्हनते? नाव बदलून राह्यला, तिले सांगतलं का?”

“माय नाही आता. दोन वर्सं झाले.”

कडूबाने घागर खाली ठेवली. “मंग तुले उकंडा कोन म्हनते?”

“कोनी नाही. शाळेत पोरं गुरुजी म्हनतात. हासाचं असलं तं रंगराव म्हनते.”

कडूबा घागरीशेजारी उकिडवा बसला. मग त्याने सांगितलं. त्याच्याआधी त्याच्या आईची चार मुलं गेली, म्हणून याचं नाव कडू, म्हणजे तोंडात घातला तरी थुंकून टाकावा. पुढे त्याची स्वतःची दोन गेली, म्हणून तिसऱ्याला उकंड्यावर ठेवलं. तो सात वर्षांचा झाला. शाळेत घातला तेव्हा मास्तर म्हणाले, असलं नाव वहीत लिहिणार नाही, अर्जुन लिहितो.

“चांगलं नाव होतं,” कडूबा म्हणाला. “आमालेही चांगलं वाटलं. त्याच्या मायनं चार रोज त्याच नावानं हाका मारल्या. मानमोडीच्या साथीचं साल होतं ते. पाचव्या रोजी ताप भरला. मी त्याच्या कानापाशी बसून उकंडा, उकंडा म्हनून राह्यलो. तं तो म्हने, बाबा, माहं नाव अर्जुन हाये.”

जीन पुन्हा सुरू व्हायचा भोंगा झाला. आम्ही कुणी उठलो नाही.

“काका,” उकंडराव म्हणाला, “त्या साली घरोघर मानसं मेले. नाव पाहून कोनी मेलं नाही.”

“हाव,” कडूबा म्हणाला. “घरोघर मेले.” आणि घागर उचलून तो विहिरीकडे गेला.

त्या दिवसापासून उकंडरावाचं वाचन थांबलं. पुस्तक उघडून बसे, पण ओठ हलत नसत. आता पाठीला भिंत नव्हती. रांगेत मधेच बसावं लागे. दर थोड्या वेळाने तो मागे वळून पाही. मागे दुसरी रांग असे, आणि तिच्यात रंगराव. पण तो रंगरावाकडे पाहत नव्हता. मी त्याच्या नजरेबरोबर मागे पाहिलं तेव्हा मलाही थंडी वाजली, कारण तिथे काहीच नव्हतं.

मी विचारलं, “अर्ज धाडाची तारीख शुक्करवार हाये ना?”

“हाये.”

“मंग जुन्या नावानं धाड.”

“तेथं उभं राह्यता येनार नाही मले त्या नावानं.”

“नव्यानं धाड मंग.”

“रात्री ते पोरगं आठवते, उठून बसतो मी.”

कडूबा हे सगळं दारातून पाहत होता. पंधरा वर्षं तो एकच काम करत आला होता. आलेल्या माणसाची भीती, सदऱ्यावरचा चुना झटकावा तशी, न बोलता झटकून टाकायची. आणि आता त्यानेच एकाच्या आत भीती घातली होती, ती झटकून निघण्यासारखी नव्हती. बुधवारी तो उकंडरावापाशी आला आणि म्हणाला, “मी बोललो ते इसरून जा.”

उकंडराव म्हणाला, “काका, तुमी मले भिताड देलं. पन नागपूरले भिताड नाही. तेथं रांगा हायेत.”

गुरुवारी वामनराव आल्याबरोबर कडूबा टेबलापाशी जाऊन उभा राहिला. कागद मागून घेतला. टाक धरलेला हात घामाने ओला होता. पहिलं अक्षर पसरलं. त्याने फक्त ‘कडूबा’ लिहिलं.

“पुढे? वडिलांचं नाव, आडनाव?”

“तेवढं पुरे हाये, साहेब. कडूच हाये ते.”

त्यावर वामनराव हसले आणि पुढचं त्यांनी स्वतः लिहून घेतलं. अर्ज गेला. नव्या वहीत उकंडराव खोडून वसंतराव झालं. वामनराव ते नाव रोज ठासून पुकारत, म्हणजे सवय व्हावी. रंगरावाचं हसणं दोन दिवसांत थांबलं. उकंडरावाचे ओठ पुन्हा हलू लागले, आणि मला वाटलं, संपलं.

आठवड्याने माझ्या लक्षात आलं. जीन भरात असताना कडूबा पाणी घेऊन रांगांतून फिरे. उकंडरावाच्या मागे आला की तो घटकाभर थांबे, जरा वाके, आणि त्याचे ओठ हलत. घरघरीत काही ऐकू येत नसे. उकंडरावाची मान ताठ होई. मग कडूबा पुढे जाई. दिवसातून एकदा, रोज. एका दुपारी यंत्र जरा मंदावलं आणि मला ती तीन अक्षरं ऐकू आली.

संध्याकाळी मी उकंडरावाला म्हटलं, “तो तुले जुन्या नावानं हाक मारते.”

“मालूम हाये.”

“बंद कराले सांग. कोनी आयकलं तं?”

“कोनी आयकलं तं मी या दारात पुन्हा पाय टाकनार नाही,” तो म्हणाला. थोडं चालून गेल्यावर म्हणाला, “पन बंद नोको. मायच्या मांगं त्या नावानं हासल्याबिगर हाक मारनारा तोच एक हाये. एका रोजाचाही खाडा झाला तं मले झोप लागनार नाही. मास्तर हावो मी. पोरांले शिकवतो, असं काही नसते म्हनून. तुले सांगतो, मले झोप लागनार नाही.”

त्यानंतर मीही रोज पाहत राहिलो. कडूबा त्याच्या मागे येईपर्यंत माझं वाचन होत नसे. तो येऊन गेला की मीही श्वास सोडी. भीती अशीच एका बाकावरून दुसऱ्या बाकावर जाते, हे मला तिथे कळलं.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात निघायचा दिवस आला. परीक्षेला जाणारे तिघं, उकंडराव, रंगराव आणि एक कारकून, दुपारच्या गाडीने जलंबला आणि तिथून नागपूरला जाणार होते. टांगा दाराशी उभा होता. परीक्षेत बसण्याच्या चिठ्ठ्या वाचनालयाच्या पत्त्यावर आल्या होत्या आणि त्या आपल्या हाताने द्याव्यात म्हणून वामनराव कोर्ट सोडून सकाळपासून टेबलाशी बसले होते. उकंडराव सोनाळ्याहून सामान घेऊन उशिरा आला, वळकटी दाराशी टाकली आणि सरळ आपल्या जागेवर येऊन बसला.

त्या सकाळी जीनचा पट्टा तुटला होता.

आम्ही तोंडावर हात धरून वाचत होतो. इतक्या वर्षांत त्या खोलीत हंगामाच्या दिवसांत एवढी शांतता मी ऐकली नव्हती. झरोक्यात पारवा हलला तरी सगळे वर पाहत. पान उलटण्याची भीती वाटत होती. कडूबा दाराशी घागर घेऊन उभा होता. “चला बे, पानी प्या,” असं त्याने म्हणावं म्हणून आम्ही वाट पाहत होतो. पण वामनराव समोर बसले होते, आणि घंटी त्यांच्या हाताशी होती.

“वसंतराव,” वामनरावांनी पुकारलं.

कुणी उठलं नाही.

“वसंतराव.”

उकंडराव दचकून उठला, बाकाला गुडघा आपटला. चिठ्ठी मुठीत धरून तो परत आला. तो बसला आणि त्याने दाराकडे पाहिलं.

मग रंगरावाला चिठ्ठी मिळाली, कारकुनाला मिळाली. वामनराव दोन शब्द बोलले. गाडीला वेळ थोडा होता. रंगराव टोपी नीट करत म्हणाला, “चला वसंतराव, टांगेवाला बोंबलून राह्यला,” आणि नेमका उकंडरावाच्या मागे येऊन उभा राहिला, सोबत निघण्यासाठी.

कडूबा दारातून निघाला. रांगांमधून चालत आला. त्याच्या पायांचा आवाज फरशीवर स्पष्ट ऐकू येत होता, आणि घागरीत पाणी हिंदकळल्याचाही. तो उकंडरावाच्या बाकापाशी थांबला. सगळी खोली त्याच्याकडे पाहत होती, कारण पाहायला दुसरं काही हलत नव्हतं. भिंतीपलीकडे काहीच नव्हतं. मी देवाला म्हणालो, पट्टा जोडला जावो, आत्ताच्या आत्ता.

कडूबाने तोंड उघडलं.

उकंडरावाने मान वर केली. चार महिन्यांपूर्वी तो या दारात उभा राहिला असेल तेव्हाचेच डोळे. तो नको म्हणत होता की हो म्हणत होता, हे मला कळलं नाही. ते त्यालाही कळत नसावं. फक्त एवढं दिसत होतं की ते नाव आलं तर तो इथे मरेल, आणि नाही आलं तर आज रात्री गाडीत.

कडूबाचे ओठ तसेच उघडे राहिले. मग ते मिटले.

त्याने घागर खाली ठेवली. उकंडरावाला दंडाला धरून हलकेच उठवलं. दोन्ही हातांनी बाक धरलं आणि ते ओढत, फरशीवर करकरत, खांबामागे, भिंतीपर्यंत नेलं. कडूबाने उकंडरावाला तिथे बसवलं. त्याची पाठ भिंतीला लागेपर्यंत खांद्यावर हात दाबून धरला. घटकाभर. मग उठवलं, फडक्याने सदऱ्यावरचा चुना झटकला, पुन्हा एकदा झटकला, चुना नव्हता तिथेही.

आणि घागर तिथेच ठेवून, कुणाकडे न पाहता, तोंड गच्च मिटून तो रांगांमधून दाराकडे गेला आणि बाहेर पडला.